तेच भांडण, पुन्हा पुन्हा

प्रश्न: पैशांचं असो की मुलीच्या शाळेचं, मी बोलायला लागले की हे मोबाइल घेऊन गॅलरीत जातात. मग माझा आवाज चढतो. यांना काहीच वाटत नसेल का?

उत्तर: वाटतं, बहुधा फारच वाटतं. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरून दगडासारखा बसलेला माणूस आतून अनेकदा पार ढवळून निघालेला असतो. ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, असं गॉटमन सांगतात. म्हणून निदान वीस मिनिटं थांबायचं. पण उठून जाणाऱ्याने ‘जेवणं झाली की बोलू’ असं सांगून जायचं आणि शब्द पाळायचा. हे न सांगता गेल्यामुळेच तुम्हाला टाकून दिल्यासारखं वाटतं, तुमचा आवाज चढतो, आणि तो चढला की ते आणखी लांब जातात. सुरुवात कोणी केली हे शोधत बसू नका, सापडणार नाही.

प्रश्न: घरकामाचा विषय मी टाळतो, असं बायको म्हणते. पण मी तिच्या ऑफिसच्या वेळांबद्दल बोललो की तीच गप्प होते. मग दोष कोणाचा?

उत्तर: तुम्ही नेमकं हेरलंत. मागे लागणं आणि टाळणं हे केवळ स्वभावावर नसतं. बदल कोणाला हवा आहे, यावरही ते ठरतं. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्टोफर हीवी या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हेच दाखवलं होतं. ज्याचं आहे त्यात भागतं, तो विषय लांबवतो. घरकामाबद्दल तुम्ही गप्प राहिलात की भांडी तिच्याच वाट्याला येतात, त्यामुळे त्या विषयावर आधी तुम्ही तोंड उघडावं, असं मला स्पष्टपणे वाटतं.

प्रश्न: समुपदेशनाने भांडणं संपतात का?

उत्तर: सगळी नाही. गॉटमन यांच्या मते जोडप्यांतले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात. सुखी जोडप्यांतही असतात. फक्त तिथे टोमणे आणि तुच्छता कमी असते.

प्रश्न: वाद वाढला की नवरा हात उचलतो. दोघांनी मिळून समुपदेशनाला यावं का?

उत्तर: आत्ता नको. तिथे तुम्ही मोकळं बोललात तर घरी त्याचा सूड उगवला जाण्याची भीती असते. आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांची मदत मिळते. मार खाण्यात तुमचा वाटा काय, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उत्तर देऊ नका. नवऱ्याला बदलायचं असेल तर त्याने एकट्याने, वेगळ्या समुपदेशकाकडे जावं.