मेमकॉपीचा कॉल कुठे गेला?

प्रश्न: कापसाच्या रानातील ओलावा मोजणाऱ्या 32-बिट आर्म बोर्डासाठी मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहीत आहे. 12 बाइटची नोंद मेमकॉपीने (मेमरीतील बाइट एका जागेहून दुसरीकडे उतरवणारे तयार फंक्शन) हलवली, तरी असेंब्लीत, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या यंत्रसूचनांच्या यादीत, तो कॉल दिसत नाही. उलट मेमकॉपी स्वतः लिहिली, तर बोर्ड अडकून बसतो. कंपायलर जीसीसी 10, ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करण्याची) पातळी ओ-2.
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर: पहिली गोष्ट बिघाड नव्हे. मेमकॉपीचा अर्थ जीसीसीला आधीच ठाऊक असल्याने, आकार स्थिर व लहान असेल आणि पत्ता चारच्या पटीत असल्याची खात्री असेल, तर कॉलऐवजी तो तीन शब्द (प्रत्येकी चार बाइटचे गट) रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांत, उचलून थेट दुसरीकडे ठेवतो. आकार प्रोग्रॅम चालताना ठरणार असेल, तर मात्र सहसा कॉलच राहतो.

दुसरी गोष्ट खरोखर चकवणारी आहे. तुमचे बाइटमागून बाइट नेणारे लूप ओळखून कंपायलर त्याच्या जागी मेमकॉपीचाच कॉल घालतो. म्हणजे फंक्शन स्वतःलाच हाक मारत राहते आणि स्टॅक (चालू कॉलांसाठीची मेमरी) संपून बोर्ड अडकू शकतो. ‘एफ-नो-बिल्टिन’ (ओळखीच्या फंक्शनांना खास वागणूक देऊ नको, असे कंपायलरला सांगणारा पर्याय) येथे भरवशाचा नाही. त्या एका फाइलसाठी ‘एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ हा (नावाने दमवणारा) पर्याय द्यावा; लुपाच्या जागी असा कॉल घालणे त्याने थांबते. मेमकॉपी काढून टाकणे हा उपाय नाही, कारण मानक लायब्ररी नसली तरी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर उपलब्ध असावीत, अशी जीसीसीची अपेक्षा असते. मोठे स्ट्रक्चर (अनेक मूल्यांची एकत्र नोंद) साध्या बरोबरच्या चिन्हाने दुसऱ्यात उतरवले, तरी तो मेमकॉपीला बोलावू शकतो.