मुलाला पास्टर व्हायचंय, बीकॉम सोडू द्यावं का?

ताई, नमस्कार.

तुम्ही विक्रोळीच्या, मूळच्या नगरकडच्या, घर पिढ्यान्‌पिढ्या सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतलं. मुलगा एसवाय बीकॉमला आहे, काही काळापासून जवळच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या मंडळीत जातो आणि आता म्हणतो, कॉलेज पुरे, मला पूर्णवेळ सेवेत जायचंय. यजमानांना हे अमेरिकेहून आलेलं खूळ वाटतं. तुम्ही विचारलंत, अडवू की जाऊ देऊ?

अडवू नका. पण बीकॉम मात्र पूर्ण करून घ्या.

पत्रात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, माझं लक्ष तिथेच अडकलं. यजमान राजावाडीत ॲडमिट होते तेव्हा त्या मंडळीचे पास्टर सलग तीन रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते, रक्तासाठी चिठ्ठी घेऊन तेच धावले. पंचवीसेक वर्षं त्याच वस्तीत सेवा केलेला माणूस. तुमच्या मुलाने पाहिलं ते हे. माइक, कीबोर्ड, टाळ्या यांचीच भुरळ पडली असती, तर मी सरळ नको म्हणालो असतो.

आता त्याने उरलेलंही पाहावं. इतकी वर्षं टिकलेल्या पास्टरचा रविवार लोकांना दिसतो, सोमवार ते शनिवार दिसत नाही. शाळेचा हॉल भाड्याने मिळावा म्हणून ट्रस्टींच्या विनवण्या, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत घरसभा, उपास-प्रार्थना, रात्री अकराला दारूड्या नवऱ्यामुळे आलेला फोन, मयत झाली की दफनभूमीच्या जागेसाठी खेपा. आणि आजारी माणसं. पेंटेकॉस्टल मंडळीत रोगमुक्तीसाठी हात ठेवून प्रार्थना करतात, हा त्यांच्या विश्वासाचा गाभा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण टीबीचा पेशंट प्रार्थनेला आला तर पास्टर त्याला सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायला सांगतात की गोळ्या बंद करायला, हे मुलाने जवळून पाहावं. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याच्या हाताखाली त्याला एक दिवसही ठेवू नका.

यजमानांना एवढंच सांगा की पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम म्हणून ज्या अझुसा स्ट्रीटचं नाव सगळे घेतात, ती लॉस एंजेलिसमधली सभा 1906 ची. त्याच्या आदल्या वर्षी, 1905 मध्ये, आपल्या पुणे-दौंड लाइनवरच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्ररात्र प्रार्थना करत होत्या. संस्कृत पंडिता, बायबलचं मराठी भाषांतर करणारी बाई होती ती. तेव्हा परकं म्हणून नाकारू नका.

पैशाचं मात्र घरात मोकळेपणाने बोला. मोठ्या संघटनांमध्ये काही व्यवस्था असते. स्वतंत्र मंडळीत पास्टरचं घर बहुधा दशमांश (लोकांनी दिलेला कमाईचा दहावा हिस्सा) आणि अर्पणावर चालतं, आणि अर्पण टाकणारे घरकाम करणारे, रिक्षा चालवणारे असले की पावसाळ्यात थैली हलकी होते. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून स्वतःचा आरोग्य विमा आणि पीपीएफ हवाच. पौल प्रेषित तंबू करून पोट भरत होता, हे मुलाने वाचलेलं असेलच. हातात धंदा ठेवून सेवा केली म्हणजे विश्वास कमी पडला, असं त्याला कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

बीकॉमचा उपयोग इथेच आहे. मंडळीचा ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब ठेवावे लागतात, ऑडिट होतं. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आहे. लग्नं लावायलाही 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली राज्य सरकारचा परवाना लागतो, आणि विनापरवाना लग्न लावणं गुन्हा आहे. चांगल्या मनाचा पण हिशेबात कच्चा पास्टर मंडळीलाही अडचणीत आणतो आणि स्वतःच्या बायकामुलांनाही.

तेव्हा टीवाय होईपर्यंत आठवड्यातले दोन दिवस त्याने या पास्टरांबरोबर काढावेत, स्टेजवर नव्हे, दवाखान्यात आणि हिशेबाच्या वहीवर. त्यानंतरही सेवेसाठी देवाचं पाचारण तितकंच पक्कं वाटलं तर रीतसर शिकावं. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी ती संलग्न आहे आणि तिथे बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी करता येते. पेंटेकॉस्टल संघटनांची स्वतःची बायबल कॉलेजंही आहेत, तिथे जायचं तर मान्यता कुणाची हे आधी विचारा. काही आठवड्यांच्या सर्टिफिकेटवर पास्टर करून देणाऱ्यांकडे फिरकू नका.

आणि तुम्ही स्वतः एक करा. पास्टरांच्या पत्नीला निवांत भेटा. महिन्याचा किराणा कसा भागवलात, मुलांच्या फिया कुठून भरल्या, इतक्या वर्षांत कधी सोडून जावंसं वाटलं का, हे थेट विचारा. शक्य झालं तर मुलालाही बरोबर न्या, आणि त्या बोलतील तेव्हा त्याला मध्ये बोलू देऊ नका. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा. बायबल कॉलेजच्या फॉर्मचं आपण त्यानंतर पाहू.