थंडीत भरलेल्या दरजा: 'हिवाळ्यात पाणी मारू नका' हे ऐकू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मागच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरून बारा दिवस झाले, नखाने खरवडलं तरी रेती सुटते, विटांवर पांढरं फुलतंय आणि मिस्त्री म्हणतो, "थंडी आहे, वाळायला वेळ लागतो." वाचून माझीच भिंत डोळ्यांसमोर आली, म्हणून सविस्तर लिहितो. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. जे भोगलं तेवढंच सांगतो. भिंतीला तडा असेल किंवा ती कुठे फुगली असेल, तर आधी जाणकार माणसाला प्रत्यक्ष दाखवा.

आमचं काम २०१८ च्या डिसेंबर अखेरीस चाललं होतं. २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तोच आठवडा. घराची उत्तरेकडची भिंत, उघड्या विटांची. रेती कन्हानची, छान चाळलेली. दरजा खोलवर खरवडून घेतल्या होत्या. त्यात काही खोट नव्हती. मिस्त्री दहाला यायचा आणि सिमेंट-रेतीच्या मालाचा दुसरा घाणा चारच्या पुढे कालवायचा. पावणेसहाच्या आत दिवस मावळतो, मग बल्ब लावून उरलेला माल संपवायचा. सकाळी बोट दाबलं तर ठसा उमटायचा. तो म्हणाला, "साहेब, आता पाणी मारू नका, आणखी ओलं राहील." मलाही ते पटलं. कूलर कधीचे माळ्यावर गेलेले, अंगावर स्वेटर, अशा दिवसांत भिंतीवर पाणी कशाला? दोनच दिवस पाणी मारलं आणि पाइप गुंडाळून ठेवला.

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. मी वाळणं आणि घट्ट होणं एकच समजत होतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, त्याची पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होतं. थंडीत ती क्रिया मंदावते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा असतो, तो दरजेतलं पाणी क्रिया पुरी व्हायच्या आत ओढून नेतो. म्हणजे थंडीत पाणी कमी दिवस नाही, जास्त दिवस मारायला हवं होतं. त्यातून आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेलं. ते थंडीत आणखीच सावकाश ताकद धरतं. मार्चमध्ये भिंतीखाली रोज रेतीची रेघ दिसू लागली आणि जुलैत आतल्या कपाटामागचा गिलावा ओला झाला. सगळ्या दरजा पुन्हा उकरून भरल्या, आणि उकरताना किती विटांच्या कडा तुटल्या ते आठवलं की अजून जीव हळहळतो.

त्या काळात सिमेंटवाल्यांच्या एका सल्ला कार्यालयातही गेलो होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष कोणतं. पोती केव्हाच भंगारात गेलेली. मग "अर्ज ठेवून जा". तीन चकरा मारल्या, भिंत बघायला कोणी आलं नाही. म्हणून सांगतो, काम संपून निदान एक पावसाळा जाईपर्यंत एक रिकामं पोतं जपून ठेवा.

आता तुमच्या भिंतीचं. लगेच उकरायला लावू नका. बारा दिवस म्हणजे फार उशीर झालेला नाही. ज्या सिमेंटची क्रिया अर्धवट राहिली ते पाणी मिळाल्यावर काही प्रमाणात पुन्हा काम करतं. एक खिळा घेऊन चार-पाच ठिकाणी दरज खरवडून बघा. वरचा पापुद्रा निघून आत कडक लागलं तर आठ दिवस बारीक फवाऱ्याने पाणी मारा. पाइपची थेट धार नको. सकाळी दहानंतर आणि दुपारी तीनच्या सुमारास, गच्चीवरच्या टाकीतलं उन्हाने कोमट झालेलं पाणी घ्या. रात्री बारदाना सोडा, वरून प्लॅस्टिक. खिळा सरळ आत शिरला आणि नुसती रेतीच निघाली, तर मात्र ती दरज गेली. ती उकरावीच लागेल.

भिंत कोणत्या दिशेची ते तुम्ही लिहिलं नाही, आणि माझ्या मते निम्मा फरक तिथेच आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडे उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवत नाही. दक्षिणेची भिंत मात्र दिवसभर तापते, तिला थंडीतही तीनदा पाणी लागतं.

पांढरं फुलणं हे क्षार आहेत. भिंत हळूहळू वाळते तेव्हा ते वर येतात, हिवाळ्यात जरा जास्तच. कोरड्या ब्रशने झाडा. दुकानदार अॅसिड देईल, घेऊ नका. माल लवकर घट्ट करणारी पावडरही तो थंडीच्या नावाने गळ्यात मारतो. तिच्यात कॅल्शियम क्लोराइड असेल तर क्षार वाढतात आणि जवळच्या लिंटेलमधली (दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीतली) सळई गंजते.

पुन्हा भरायची वेळ आलीच तर संक्रांत उलटू द्या, फेब्रुवारीत करा. थांबणं शक्यच नसेल तर शेवटचा घाणा दुपारी अडीचच्या आत, आणि कालवलेला माल दोन तासांत संपवायचा. घट्ट झाला म्हणून पाणी घालून पुन्हा फिरवू द्यायचा नाही. आयएस ७८६१ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात थंडीतल्या काँक्रीटसाठी ५ अंशांची रेघ आहे. मी दरजांनाही तीच लावतो आणि पहाटे पारा तिथवर जाणार असेल तर त्या दिवशी काम बंद ठेवतो. परदेशी व्हिडिओंतलं दरजा गोठून फुटणं आपल्याकडे होत नाही, त्याला घाबरू नका.

घर नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यासारखं चुन्यात बांधलेलं असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे एकास तीनचा (एक भाग सिमेंट, तीन भाग रेती) माल भरलात तर विटाच सोलून निघतील. तसं असेल तर आधी कळवा.

आठ दिवस पाणी मारून झालं की खिळा त्याच जागी पुन्हा फिरवा, आणि काय निघालं ते भिंतीच्या दिशेसकट इथे लिहा.