एका वर्षाचा हिशेब

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा सुरसागरच्या काठावर बसून तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला (जीआयडीसी) तिसरा इंटरव्ह्यू, बाहेर बाकावर पाच-पाच वर्षं काम केलेली मुलं, आणि आत गेल्या गेल्या तू म्हणालास, "सर, मी फक्त एक वर्ष अप्रेंटिसशिप केलीय." अरे, तो 'फक्त' कुणी मागितला होता?

कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे माल तपासायच्या खात्यात, माणसं घेताना मी २२ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय. तुझं एकच वर्ष झालंय हे बायोडेटा वाचूनच ठाऊक असतं. त्या वर्षात तुझे डोळे उघडे होते का, एवढंच बघायचं असतं.

एकदा एका अनुभवी मुलाला विचारलं, शाफ्टचा (गोल दांड्याचा) व्यास टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर गेला तर काय करशील? "रिजेक्ट," तो ताडकन म्हणाला. त्याच्यानंतर आलेल्या पोराने मलाच विचारलं, "जाड राहिलाय की बारीक झालाय, सर?" जाड असेल तर आणखी एक कट मारून जॉब, म्हणजे तो तुकडा, वाचतो, बारीक झाला की भंगार. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, नेमकं उलटं. त्या पोराचे जेमतेम नऊ महिने झाले होते. त्यालाच घेतला.

तेव्हा आज वही घेऊन बस. कुठल्या मशीनवर होतास, कुठले जॉब, मोजायला काय वापरलंस, सगळं लिही. आणि तुझी एक चूक लिही, ती कुणी आणि कशी पकडली यासकट. चूक लपवू नकोस.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत हातात व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन, दिलं होतं. लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, हे धडाधडा सांगितलं, रीडिंगही घेतलं. साहेबांनी शांतपणे जबडे मिटवून दाखवले, तर शून्याला शून्य जुळत नव्हतं, म्हणजे माझं रीडिंगच चुकीचं! नोकरी गेली. पुढच्या ठिकाणी हीच फजिती सांगितली, तेव्हा समोरचे गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले.

कवळाण्याच्या गोपाळची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. १८७५ साली बडोद्यात गादीसाठी दत्तक मुलगा निवडताना त्याला विचारलं, कशाला आलास, तर म्हणे, "राज्य करायला." असलं उत्तर तू देऊ नकोस, बाहेर काढतील! पण बारा वर्षांच्या त्या पोराला तेव्हा धड लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि शिकून सयाजीराव म्हणून कारभार हाती यायला १८८१ चा डिसेंबर उजाडला, हे कुणी सांगत नाही. महाराजांचाही ट्रेनी पिरियड सहा वर्षांचा होता की!

रविवारी सकाळी वही घेऊन ये. माझं जुनं व्हर्नियर काढून ठेवतो. येताना सेवउसळ बांधून आण, तर्री वेगळी. काकूला मी सांगून ठेवलंय.

तुझा,
काका