‘एकेश्वरवाद’ या शब्दातला ‘एक’

एका वाचकांनी पुढील प्रश्न विचारला आहे: ‘यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही एकेश्वरवादी धर्म होत, असे वाक्य लेखांतून सर्रास आढळते. परंतु ख्रिस्ती धर्मात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे सांगितलेले असताना त्याला हा शब्द कसा लागू होतो? आणि यहोवा व अल्लाह ही एकाच ईश्वराची दोन नावे समजावीत, की दोन वेगळ्या ईश्वरांची?’ प्रश्न दोन असले तरी दोहोंचे उत्तर ‘एकेश्वरवाद’ या सामासिक शब्दाच्या पहिल्या पदात शोधावे लागते.

तिन्ही धर्मांना ‘एकेश्वरवादी’ म्हणणे बरोबर आहे, कारण तिन्ही धर्म स्वतःविषयी हेच सांगतात, आणि ठामपणे सांगतात. ख्रिस्ती मतांगीकाराचे पहिलेच वाक्य ‘आम्ही एका देवावर विश्वास ठेवतो’ असे आहे. तेव्हा शब्द चुकीचा नाही. तो अपुरा आहे. ईश्वर किती, एवढेच तो सांगतो. या तीन परंपरांमधला खरा मतभेद संख्येविषयी नसून ‘एक’ असणे म्हणजे नेमके काय, याविषयी आहे, आणि तो मतभेद त्यांच्या मूळ भाषांतील शब्दांपाशी गेल्याशिवाय नीट दिसत नाही.

यहुदी परंपरेत या ‘एक’चे मूलवचन तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथातील पहिल्या पाच ग्रंथांच्या संचातील, पाचव्या ग्रंथात, सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत आहे: ‘शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ शब्दशः पाहिले तर ‘ऐक, इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक’ इतकेच ते शब्द आहेत. मूळ हिब्रूत ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद नसल्यामुळे वाक्य दोन प्रकारे लावता येते. ‘परमेश्वर आमचा देव आहे, परमेश्वर एकच आहे’ हा एक अन्वय, तर ‘परमेश्वर, आणि केवळ तोच, आमचा देव आहे’ हा दुसरा. पहिल्या अन्वयात ईश्वराच्या स्वरूपाविषयी विधान आहे. दुसऱ्यात निष्ठेची प्रतिज्ञा आहे. माझ्या मते हा दुसरा अर्थ नजरेआड करू नये. ईश्वराने एका जनसमूहाशी करार केला आणि त्या समूहाने इतर कोणाही दैवतापुढे वाकायचे नाही असे ठरले, हे यहुदी एकेश्वरनिष्ठेचे जुने अंग आहे. दहा आज्ञांमध्येही ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ असे म्हटले आहे. अन्य देव अस्तित्वातच नाहीत, असे तेथे म्हटलेले नाही. ‘मीच आदी, मीच अंत, माझ्यावाचून देव नाही’ ही निःसंदिग्ध भाषा यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात येते.

तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत ही ओवी लिहिताना ‘शेमा’मधले शेवटचे अक्षर आणि ‘एहाद’मधले शेवटचे अक्षर इतर अक्षरांपेक्षा मोठे काढतात. ‘एहाद’च्या शेवटी ‘दालेत’ हे अक्षर येते. हिब्रूतील ‘दालेत’ आणि ‘रेश’ ही अक्षरे दिसायला इतकी सारखी आहेत की कोपरा जरा गोल झाला की ‘द’चा ‘र’ होतो, आणि मग ‘एहाद’ऐवजी ‘अहेर’, म्हणजे ‘दुसरा’, असा शब्द वाचला जातो. लेखणीच्या एका वळणाने ‘परमेश्वर एक’चा ‘परमेश्वर दुसरा’ होऊ नये, असे मोठ्या ‘दालेत’चे कारण परंपरेने सांगितले जाते.

बाराव्या शतकातील पंडित मोशे बेन मैमोन (1138–1204), ज्यांना युरोपात मायमोनिडीज म्हणतात, त्यांनी ‘एहाद’ला तत्त्वज्ञानाची धार दिली. ईश्वर एक आहे, पण जगात आढळणाऱ्या इतर कोणत्याही ‘एक’सारखा नव्हे, असे ते सांगतात. एका जातीत अनेक व्यक्ती सामावतात, तसा तो एक नाही. एका शरीराचे अनेक अवयव होतात, तसाही तो एक नाही. त्याला देह नाही, भाग नाहीत, म्हणून त्याची विभागणी कल्पनेतसुद्धा करता येत नाही. मायमोनिडीजांच्या मते ईश्वराविषयी ‘तो असा आहे’ म्हणण्यापेक्षा ‘तो असा नाही’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित असते.

आता ख्रिस्ती ‘एक’. येशूचे पहिले अनुयायी यहुदीच होते आणि वरील ओवी त्यांच्याही प्रार्थनेत होती. मार्कच्या शुभवर्तमानात स्वतः येशू तिला सर्वांत पहिली आज्ञा म्हणतो. मात्र तोच येशू देवाला ‘अब्बा’, म्हणजे अरामी भाषेत ‘बाबा’, अशी हाक मारतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ‘शब्द देव होता’ व पुढे ‘शब्द देही झाला’ असे म्हटले आहे. देव एकच, आणि तरीही येशू देव, ही दोन विधाने एकत्र कशी धरायची, या प्रश्नाने पुढची तीन-चार शतके व्यापली. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत असे की पुत्र श्रेष्ठ असला तरी तो निर्माण केलेला आहे. 325 साली निकिया येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने हे मत फेटाळले आणि पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’ आहे, म्हणजे दोघांचे तत्त्व एकच आहे, असे ठरवले. हा ग्रीक शब्द बायबलमध्ये कोठेही नाही, आणि त्यावरून अनेकांनी त्या काळीही आक्षेप घेतला होता. पुढच्या वादात काहींनी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे ‘सारख्या तत्त्वाचा’, असा शब्द सुचवला. दोन शब्दांत ग्रीक ‘आयोटा’ या एका अक्षराचा फरक आहे. अर्थात मात्र एकत्व आणि सादृश्य यांच्यातले सगळे अंतर आहे. पुत्र पित्यासारखा असेल तर देव दोन झाले. पुत्राचे तत्त्व पित्याचेच असेल तर देव एकच राहिला.

म्हणजे ज्या सिद्धान्तामुळे बाहेरच्यांना ख्रिस्ती धर्म त्रिदेववादी वाटतो, तो सिद्धान्त ख्रिस्ती लोकांनी एकत्व राखण्यासाठीच मांडला होता. तो इतरांना पटावा असे नाही, पण त्यामागचा हेतू लक्षात घेतल्यावाचून त्यावर शेरा मारणे न्याय्य नव्हे.

येथे मराठीत एक अडचण उभी राहते. ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ असे आपण लिहितो. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने लॅटिनमध्ये यासाठी ‘पर्सोना’ हा शब्द वापरला, ज्याचा जुना अर्थ नटाचा मुखवटा किंवा भूमिका असा होता. ग्रीक पंडितांनी ‘हिपोस्टॅसिस’, म्हणजे खरेखुरे, स्वतंत्रपणे ओळखता येणारे अस्तित्व, हा शब्द पक्का केला. मुखवट्याचा अर्थ ताणला तर एकच देव तीन सोंगे घेतो असे होते, आणि ते मत चर्चने पाखंड ठरवले. उलट आजच्या मराठीत ‘व्यक्ती’ म्हणजे सुटा माणूस, त्यामुळे ‘तीन व्यक्ती’ म्हटले की तीन देव डोळ्यांपुढे येतात. संस्कृतात ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ ‘प्रकट होणे’ असा आहे. तो घेतला तर पुन्हा सोंगांकडे झुकायला होते. निर्दोष शब्द मला तरी सुचत नाही. म्हणून ‘व्यक्ती’च वापरावा आणि पहिल्याच वेळी त्याचा पारिभाषिक अर्थ वाक्यात सांगून टाकावा. सिद्धान्ताचे नाव म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनात रूढ असलेला ‘त्रैक्य’ हा शब्द फार चांगला आहे, कारण त्यात तीन आणि ऐक्य दोन्ही आले. ‘त्रिमूर्ती’ मात्र कटाक्षाने टाळावा. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती आणि लय यांची वाटणी आहे; त्रैक्याच्या सिद्धान्तात सृष्टीविषयीचे प्रत्येक कार्य तिघांचे मिळून एकच असते. तीच गोष्ट ‘अवतार’ या शब्दाची. अवतार अनेक असतात आणि पुनःपुन्हा होतात. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे देवपुत्राने मनुष्यदेह एकदाच धारण केला, आणि 451 सालच्या कॅल्सेडॉनच्या परिषदेने सांगितल्याप्रमाणे तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. ‘देहधारण’ हा शब्द तेथे नेमका बसतो.

इस्लाममध्ये ‘एक’ हाच श्रद्धेचा पहिला आणि शेवटचा शब्द आहे. कुराणातील 112वी सूरा, म्हणजे अध्याय, केवळ चार आयतींची, म्हणजे वचनांची, आहे: ‘म्हण, तो अल्लाह एक आहे. अल्लाह निरपेक्ष, सर्वांचा आधार आहे. त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही. आणि त्याच्या तोडीचा कोणीही नाही.’ पहिल्या आयतीच्या शेवटी ‘अहद’ हा शब्द आहे, आणि हिब्रू ‘एहाद’ हा त्याचा सख्खा भाऊ होय. अरबीत संख्यावाचक ‘एक’साठी ‘वाहिद’ हा शब्द असताना येथे ‘अहद’ का, यावर भाष्यकारांनी विचार केला आहे. ‘वाहिद’नंतर दोन, तीन अशी मोजणी पुढे चालू शकते, ‘अहद’ने अशा मोजणीचा आरंभच होत नाही, असे ते सांगतात. विशेष म्हणजे चौथ्या आयतीचा शेवटचा शब्दही ‘अहद’च आहे, पण तेथे नकारार्थी वाक्यात त्याचा अर्थ ‘कोणीही’ असा होतो. एकाच शब्दाने आधी ‘तो एक’ म्हटले आणि त्याच शब्दाने शेवटी ‘दुसरा कोणीही नाही’ म्हटले.

या एकत्वाला ‘तौहीद’ म्हणतात आणि ते मोडण्याला ‘शिर्क’. ‘शिर्क’चा अनुवाद मराठीत अनेकदा ‘मूर्तिपूजा’ असा केलेला दिसतो. तो फार तोकडा आहे. शिर्क म्हणजे भागीदार ठरवणे. मूर्ती पुढे नसतानाही ईश्वराच्या अधिकारात कोणाला वाटेकरी मानले तर तो शिर्क होतो. म्हणूनच येशूला अत्यंत आदराचे स्थान देणारे कुराण त्याच्या देवत्वापाशी थांबते. चौथ्या सूरेतील 171व्या आयतीत येशूला ईश्वराचा ‘शब्द’ आणि त्याच्याकडून आलेला ‘आत्मा’ म्हटले आहे, आणि त्याच आयतीत ‘तीन म्हणू नका’ असे बजावले आहे. अरबी ख्रिस्ती लोक देवपुत्रासाठी ‘वलद’ न म्हणता ‘इब्न’ म्हणतात, हेही ध्यानात घ्यावे. ‘वलद’मध्ये प्रत्यक्ष जननाचा अर्थ आहे, आणि ‘जन्म दिला नाही’ या आयतीतील क्रियापद त्याच धातूचे आहे. ‘इब्न’ मात्र लक्षणेनेही चालतो, जसे वाटसरूला अरबीत ‘वाटेचा पुत्र’ म्हणतात. अर्थात एवढ्याने मतभेद मिटत नाही, कारण मुसलमानांचा आक्षेप केवळ जननाला नसून बरोबरीला आहे.

तौहीदचा विचार इस्लामच्या आतही सोपा राहिला नाही. ईश्वर ज्ञानी, समर्थ आणि बोलणारा आहे, तर त्याचे ज्ञान, सामर्थ्य आणि वाणी या गोष्टी त्याच्याप्रमाणेच अनादी मानाव्यात का? तशा मानल्या तर अनादी गोष्टी अनेक झाल्या, म्हणून मुअतझिला पंथाच्या विचारवंतांनी कुराण निर्मित आहे असे म्हटले, आणि 833 साली खलिफा मामूनने ते मत विद्वानांवर लादण्याचा प्रयत्नही केला. शेवटी रूढ झालेले मत अशअरी या दुसऱ्या विचारपंथाचे; ते असे की, हे गुण म्हणजे ईश्वरच नव्हेत आणि ईश्वरावेगळेही नव्हेत. निकियाच्या वादाची आठवण व्हावी इतकी ही भाषा जवळची आहे. एकीकडे ईश्वराचा शब्द देही झाला, दुसरीकडे तो ग्रंथरूपाने उतरला. दोन्हीकडे तो शब्द अनादी असेल तर एकत्व कसे राखायचे, हाच पेच होता. ‘तौहीद’साठी कोणी कोणी ‘अद्वैत’ लिहितात, ते योग्य नाही. अद्वैतात जीव आणि ब्रह्म यांचा भेद अखेरीस उरत नाही, तर तौहीदमध्ये निर्माता आणि निर्मिती यांच्यातला भेद हाच पाया आहे.

आता नावांचा प्रश्न. हिब्रूत ‘एलोहीम’ हे सामान्यनाम आहे, इतके की परक्यांच्या देवांनाही ते लावले जाते. त्याखेरीज योद, हे, वाव, हे या चार अक्षरांचे एक विशेषनाम आहे. यहुदी ते उच्चारत नाहीत. वाचताना त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणतात. पुढे पोथ्यांत त्या चार व्यंजनांना ‘अदोनाय’ची स्वरचिन्हे जोडली गेली, आणि दोन्ही मिळून वाचल्याने ‘यहोवा’ हे रूप तयार झाले. त्यामुळे यहुदी धर्माविषयी लिहिताना ‘यहोवा’ असे सहजपणे लिहू नये, ‘परमेश्वर’ लिहावे.

‘अल्लाह’ची व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक ‘अल्-इलाह’, म्हणजे ‘तो देव’, अशी देतात. अरबी बोलणारे ख्रिस्ती त्याच शब्दाने प्रार्थना करतात, माल्टाचे कॅथलिक ‘अल्ला’ म्हणतात, आणि दहाव्या शतकात सादिया गाओन या यहुदी पंडिताने तोराचे अरबी भाषांतर केले त्यातही देवासाठी हाच शब्द आहे. ‘आमचा ईश्वर आणि तुमचा ईश्वर एकच आहे’ असे कुराण (29:46) ग्रंथधारकांना, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती लोकांना, उद्देशून सांगते. तेव्हा ‘अल्लाह नावाचा देव’ ही वाक्यरचना चुकीची आहे. तिच्यामुळे अनेक देवांपैकी एकाचे ते नाव असल्याचा भास होतो.

तिघांचा ईश्वर एकच का, याचे उत्तर कोण देतो त्यावर ते बदलते. मायमोनिडीजांनी मुसलमानांचे एकत्व निर्दोष मानले, पण ख्रिस्ती उपासना मूर्तिपूजेत गणली; नंतरच्या अनेक यहुदी पंडितांनी त्रैक्याला ‘शितूफ’, म्हणजे भागीदारी, म्हणून वेगळे काढले आणि बिगरयहुद्यांना ती निषिद्ध नाही असे मानले. जी कल्पना हिब्रूत अशी सौम्य ठरली, तीच अरबीत ‘शिर्क’ या नावाने सर्वांत मोठे पाप आहे. कॅथलिक चर्चने 1965 साली अधिकृतपणे म्हटले की मुसलमान एकाच, दयाळू आणि सर्वसमर्थ अशा निर्मात्या देवाची उपासना करतात. मात्र ते येशूला देव मानत नाहीत, हेही तेथेच नोंदले आहे.

म्हणून लिहिणाऱ्यांनी ‘तिन्ही एकेश्वरवादी धर्म’ असे जरूर लिहावे, पण विषय ईश्वरस्वरूपाचा असेल तर पुढच्याच वाक्यात करारनिष्ठ एकत्व, त्रैक्य आणि तौहीद हे तीन शब्द वेगळे करावेत. कुराणाच्या संदर्भात ‘अल्लाह’ आणि ‘ईश्वर’ दोन्ही चालतील. एका लेखात त्यांपैकी एकच ठेवावा. अरबी ख्रिस्ती मजकुराचे भाषांतर करताना मात्र ‘देव’ लिहावे, आणि मूळ शब्द ‘अल्लाह’ असल्याचे वाचकाला सांगावे.