पहिला पुल-अप वरून खाली

प्रश्न : मी बडोद्याला बँकेत नोकरी करते, वय 36, वजन 61 किलो. आजोबा दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात नेमाने जात, त्यांच्या जोरांच्या गोष्टी घरात अजून निघतात. मलाही एक तरी पुल-अप (बारला लोंबकळून हनुवटी बारच्या वर नेणे) काढता यावा म्हणून दोन महिन्यांपूर्वी पॅसेजच्या दोन भिंतींमध्ये बार बसवून घेतला. रोज सकाळी वीस सेकंद लोंबकळते आणि जोर लावते, पण कोपरे जराशी वाकण्यापलीकडे काही होत नाही. आता उजव्या कोपराची आतली बाजू दुखते. हे माझ्या आवाक्यातले आहे का?

उत्तर : आवाक्यातले आहे, परंतु ज्या प्रयत्नात शरीर वर जातच नाही, तो रोज केल्याने ताकद फारशी वाढत नाही, कोपर मात्र शिणते. दुखणे थांबेपर्यंत बारला हात लावू नका, आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओथेरपिस्टना दाखवा.

त्यानंतर सुरुवात वरून करावी. स्नायूला जेवढे वजन उचलता येते, त्याहून अधिक वजन तो सावकाश खाली उतरवू शकतो. भक्कम स्टुलावर उभे राहून हनुवटी बारच्या वर येईल अशी पकड घ्यावी, पाय उचलावेत आणि मनात पाच अंक मोजत, हात सरळ होईपर्यंत खाली यावे. परत वर जाताना ओढायचे नाही, स्टुलावरच चढायचे. सुरुवातीला कोपर काटकोनापर्यंत आले की शरीर धपकन सुटेल. तीच आपली कच्ची जागा आहे असे समजून तेथे क्षणभर थांबण्याचा प्रयत्न करावा. अशा तीन उतरणी, मग दोन मिनिटे विश्रांती, असे तीन वेळा पुरे. आठवड्यातून दोन किंवा तीनच दिवस, तेही एकाआड एक.

लोंबकळताना आपले खांदे बहुधा कानांना टेकत असावेत. कोपर न वाकवता खांद्यांची पाती खाली ओढून पाहा. शरीर जेमतेम दोन बोटे वर येईल, पण पुल-अपची पहिली हालचाल हीच. ती पाठीचे रुंद स्नायू करतात. ती वगळून केवळ दंडांनी ओढू पाहणाऱ्याचे कोपर दुखते, आणि आपल्या दुखण्यामागे हेही एक कारण असू शकेल. (आजोबांचे जोर हे ढकलण्याचे काम, त्याने छाती आणि दंडाची मागची बाजू घडते. ओढण्याची ताकद पाहायची तर दोरीच्या मल्लखांबावरच्या मुली पाहाव्यात.)

बारला अडकवून पायाखाली घेतात त्या रबरी पट्ट्यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : वर जाताना पट्टी तळाशी सर्वांत जास्त आणि वर सर्वांत कमी मदत करते, म्हणून उतरणी जमेपर्यंत तिच्यावर खर्च करू नये. बार केवळ भिंतींच्या दाबावर बसवलेला असेल, तर गुळगुळीत टाइल्सवरून तो निसटू शकतो; दर वेळी तो ओढून तपासावा आणि खाली गादी घालावी.

दहा सेकंदांची उतरण सलग तीनदा जमू लागली, की महिन्यातून एकदा, ताज्या दमात, खालून वर जाऊन पाहा. हनुवटी दोन बोटे कमी पडली तरी त्या दिवशी दुसरा प्रयत्न करू नका.