केनियातल्या मोंबासाला, अनाथाश्रमात मदतीला निघालीस ना?

अगं, नाशिकच्या शरणपूरची पोर मोंबासाला निघाली म्हणजे नातं जुनंच. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं आपल्या शरणपुरात वाढली नि 1875 च्या सुमारास तिथल्या फ्रेअर टाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेली. पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी घे, नाहीतर परतताना विमानतळावर अडकशील. आईबाबांबद्दल मुलांना खोदून विचारू नकोस. अनाथाश्रमातल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पहिल्या खेपेला मी सगळ्यांना कडेवर घेऊन फिरले. निघताना एका चिमुरडीनं ओढणीचं टोक घट्ट धरलं, एकेक बोट सोडवावं लागलं. आता मी सरळ स्वयंपाकघरात शिरते, तिथल्या मावशींबरोबर भाजी चिरते. मुलांना रोजचा लळा त्या मावशींचाच असू दे, आपण काय, निघून जाणार. फोटो नकोतच. चिवडा मात्र भरपूर ने, तुला लागेल.